ओफेलियाच्या वेळा

रोसारिओच्या आमच्या प्रयोगशाळेत ओफेलिया बासुआल्दो उंदरांच्या माद्यांची पिनियल ग्रंथी काढत असे. मेंदूतला हा इवलासा दाणा शरीराला रात्र झाल्याचं कळवतो. तो गमावलेल्या आईच्या पोटी आलेल्या पिल्लांना दिवस-रात्र कळेल का, एवढाच तिचा प्रश्न होता. पिल्लं दिव्यांची उघडझाप जुमानत नव्हती, इथपर्यंत सगळं अपेक्षेप्रमाणे होतं. पण उंदरांच्या जातीला न शोभेलशी ती रात्री झोपत, आणि वेगवेगळ्या पिंजऱ्यांत असूनही सगळी एकदम झोपत.

"तुझ्याच वेळा पाळतात गं," मी थट्टेनं म्हणालो.

ती हसली नाही. "परवा लेक तापली होती. रात्रभर उशाशी बसले आणि सकाळी झोपले. पहारेकऱ्याला विचार, यांनी रात्रभर काय केलं ते."

मी विचारलं. पिल्लं रात्रभर जागी होती. आणि सकाळी शुकशुकाट तर मी स्वतःच पाहिला होता.

पुढच्या आठवड्यात आमचे प्रमुख इतुराल्दे म्हणाले, "पुरे आता. पिल्लांचे मेंदू तपासायला हवेत. आटपा."

"मला नाही जमायचं, फेर्मीन," ओफेलिया मला बाजूला घेऊन म्हणाली.

"मी करतो ना. तू नको येऊस तिकडे."

"कधी करणार, तेही सांगू नकोस."

दोन दिवसांनी, लख्ख ऊन पडलेल्या सकाळी, ती अंगणात कचेरीतल्या बायकांबरोबर माते, आमच्याकडचा तो कडवट पाल्याचा चहा, पीत बसलेली पाहून मी काचेच्या बरणीत ईथरचा बोळा टाकला आणि चार पिल्लं आत सोडली. ती डुलली, एकमेकांवर कलंडली. तेवढ्यात बाहेर काहीतरी फरशीवर पडून घरंगळलं.

"ओफेलिया! अगं, ए ओफेलिया!" बायका ओरडत होत्या. खिडकीतून दिसलं, तिचं डोकं टेबलावर टेकलं होतं.

झाकण कसं उघडलं ते आठवत नाही. पिल्लांना खिडकीपाशी धरून मी चोळत राहिलो. एक हललं, मग दुसरं, तिसरं. अंगणातला गलका थांबला.

थोड्या वेळानं ती दारात आली. चेहरा शांत होता, नुकत्याच झोपेतून उठलेल्या माणसाचा असतो तसा. मी बरणी पाठीमागे लपवली.

"अजून चोळ, फेर्मीन," ती हळूच म्हणाली. "एक उठलेलं नाही."

आणि खांद्यापासून लोंबणारा आपला डावा हात तिनं उजव्या हातानं उचलून छातीशी धरला.