झाकणावरचं नाव

इरावती मायक्रोस्कोपच्या अंधाऱ्या खोलीतून बाहेर आली ती डोळे पुसतच. सांगलीहून वर्षभरापूर्वी जबलपूरला संशोधनासाठी आलेली ही पोरगी. मी तिच्या लॅबमधली अटेंडंट. पेशींचं खाणंपिणं, धुणं माझ्याकडे. शिकवलं कुणी नाही, बघून बघून शिकले.

"काहून रडून राहिली?"

"मावशी, धातू घातलेली डिश काळीठिक्कर. आणि बिनधातूची चमकतेय!"

तिचा रंग म्हणजे कुलूप घातलेला दिवा. जिवंत पेशीच्या आत पॅलेडियम धातूचा कण गेला, की त्यानं कुलूप तोडायचं, दिवा लागायचा, आणि पेशी मरायची नाही. पुढं कधीतरी औषधही असंच निजवून शरीरात पाठवायचं आणि फक्त कर्करोगाच्या गाठीपाशी जागं करायचं, हा तिचा बेत. पण सोमवारी तिच्या मार्गदर्शक सरांना काही दाखवलं नाही, तर ते विषयच बदलून देणार होते. आज गुरुवार.

डिशमधल्या पेशी जिथं धुतल्या होत्या, तिथं जाऊन मी उभी राहिले. सकाळी दोन्ही झाकणं एकदमच काढून ठेवली होती. आणि नावं कुठं लिहिली होती? झाकणांवर. घरीही माझं हेच, धन्याच्या डब्यावर जिऱ्याचं झाकण. तिथं निदान भाजी बिघडत नाही.

गप्प बसले असते तर कुणाला कळणार होतं?

"इरावती, बहुतेक माझ्याकडून झाकणं बदलली."

तिचा चेहरा उजळला. "म्हणजे जमलंय! सरांना सांगते, झाकणं..." मग स्वतःच स्टुलावर बसली. "नाही. 'बहुतेक' चालणार नाही."

"मग पुन्हा करू. चलो, उठ."

शुक्रवारी सहा डिश लावल्या. या खेपेला खूण तळाला, तीही नुसता आकडा. कोणत्या डिशमध्ये धातू घातला, ते फक्त माझ्या चिठ्ठीत, आणि चिठ्ठी कमरेला खोचलेली.

"मावशी, तुम्ही तर परीक्षाच घ्यायला लागलात."

"दहावी नापास परीक्षक आहे. घाबरून राहा."

शनिवारी दुपारी ती एकेक डिश बघत बोलत गेली. "एक, काळी. दोन... चमकतेय. तीन काळी. चार चमकतेय. पाच पण! सहा, काहीच नाही."

मी कमरेची चिठ्ठी काढून उलगडली. "दोन, चार, पाच," मी वाचलं. "धातू."

ती उठली आणि मला स्वतःच्या जागी बसवलं. काळ्या अंगणात हिरवे दिवे. त्यातला एक कमरेत आवळलेला दिसला.

"ही पेशी मरून तर नाही राहिली ना गं?"

तिनं वाकून पाहिलं. "नाही मावशी. एकीच्या दोन होतायत."

मी डोळा न काढताच म्हटलं, "सोमवारी सरांना झाकणांचंही सांग."

"तुमचं नाव घेऊन?"

"घे की. नाहीतर पुढची कुणी येईल अन् पुन्हा झाकणावरच लिहील."