काळ्या कवटीतल्या दोन सुया

भिवंडीतल्या टेमघरच्या त्या पत्र्याच्या शेडबाहेर दर मंगळवारी सकाळी अकरा वाजता चपलांचा असा ढीग पडलेला असे की, परत जाताना माणूस स्वतःचीच चप्पल घेऊन गेला तर तोही चमत्कार मानावा. आत छायानाथ महाराज लोकांच्या डोक्यातले फोटो काढायचे. तेही मशीन न लावता.

शेडच्या खिडक्यांवर काळं कापड ठोकलेलं होतं आणि आत एकच लाल बल्ब. महाराजांपुढे तीन पराती. पहिलीत गंगा, दुसरीत यमुना, तिसरीत सरस्वती. या सरस्वतीला आंबूस वास यायचा, पण पवित्र गोष्टींना नाक मुरडायची आपल्याकडे पद्धत नाही. महाराज काळ्या पाकिटातून एक कोरी फिल्म काढत, रोग्याच्या डोक्यावर धरून मंत्र पुटपुटत आणि ती गंगेत बुडवत. अर्ध्या मिनिटात त्या कोऱ्या फिल्मवर कवटी उगवू लागे.

"बग, बग, दात दिसाया लागलं!"

"आगो बाय! ही तं माजीच हनवटी!"

महाराज फिल्म सरस्वतीतून काढून उजेडासमोर धरत आणि प्रवचन सुरू होई. "डॉक्टर हड्डी का फोटो लेता है. आम्ही कर्माचा घेतो. डॉक्टरच्या फोटोत हाड पांढरं, का? डॉक्टर पापाकडे बघत नाही. आमच्या फोटोत हाड काळं, का? आम्ही खरं तेच दाखवतो. विज्ञान जिथे थांबतं, तिथून आम्ही सुरू होतो."

विज्ञान नेमकं कुठे थांबतं ते महाराजांनी कधी सांगितलं नाही. धामणकर नाक्यावर थांबत असावं. तिथल्या टेम्पोंच्या गर्दीत सगळेच थांबतात.

ही २००६ सालची गोष्ट. त्याच वर्षी नाक्याजवळ सीटी स्कॅनचं नवं सेंटर सुरू झालं होतं. तोवर भिवंडीत कुणाच्या डोक्याला मार लागला की साधा एक्सरे निघायचा, त्यात हाड दिसायचं, आणि हाडाच्या आत काय चाललंय ते पाहायला ठाणं गाठावं लागायचं. नवं मशीन पावाच्या लादीचे काप पाडावेत तसे डोक्याच्या आतले काप पडद्यावर दाखवायचं, तेही डोक्याला धक्का न लावता, काही सेकंदांत. पण ते बघायला नाक्यावर गर्दी झाली नाही. तिथे मंत्र म्हणत नसत.

हिरामण माझ्या समोरच्या घरात राहायचा. वय अडतीस, स्वतःचे सहा लूम, म्हणजे कापडाचे यंत्रमाग, आणि ते सहा चालू असताना त्यांच्यावरून ऐकू जाईल असा आवाज. एका मंगळवारी सकाळी आठच्या सुमारास एका लूमचा शटल उडाला. सूत घेऊन इकडून तिकडे पळणारा हा लाकडी धोटा, त्याच्या दोन्ही टोकांना लोखंडी टोपणं असतात. कधी तो पेटीत न शिरता गोळीसारखा बाहेर निघतो. हा निघाला तो हिरामणच्या डाव्या कानाच्या वर बसला. हिरामण मिनिटभर पडून राहिला, मग उठून बसला आणि म्हणाला, "लूम कोनी बंद केला रं?" मग चहा प्यायला. सगळे हसले.

तरी त्याची बायको हौसा त्याला दवाखान्यात घेऊन गेली. सोबत हिरामणचे काका, काळूराम, आणि शेजारधर्म म्हणून मी. तिथल्या डॉक्टरने एक्सरे काढला, बराच वेळ पाहिला आणि म्हणाला, "ह्यात तसं काही दिसत नाहीये. पण एक्सरेत मेंदू दिसत नाही. आत रक्त जमत असेल तर ते सीटीतच कळेल. आत्ता बरं वाटतंय, त्यावर जाऊ नका. इथून थेट नाक्यावर जा." चिठ्ठी लिहून त्याने खाली दोन रेघा मारल्या.

रिक्षात बसल्यावर काळूरामकाकांनी निकाल दिला. "डाक्टरच्या फोटूत काय दिसला न्हाय. डाक्टर सोताच बोलला. मग त्याचाच दुसरा फोटू कशाला? महाराजांच्या फोटूत दिसतं!"

"काका, चिठ्ठी सीटीची आहे," मी म्हणालो.

"अण्णा, तुमी शिकलेली मानसं. दिसला न्हाय तरी इश्वास ठेवता आनि दिसला तरी ठेवत न्हाय."

हौसाने नवऱ्याकडे पाहिलं. हिरामण म्हणाला, "चला, काकांचा मन राखू. मना काय झालाय?" रिक्षा टेमघरला वळली.

रांगेतल्या लोकांनी जखमी माणूस म्हणून त्याला पुढे घेतलं. माणुसकीत आपण कुठे कमी पडत नाही.

महाराजांनी फिल्म धरली, बुडवली. काळी कवटी उगवली आणि त्या काळ्या कवटीत, मागच्या बाजूला, आणखी काळ्या अशा दोन बारीक सुया. शेडमध्ये उसासा उठला.

"करणी!" महाराज म्हणाले. "शटल उडाला नाही. उडवला. दोन सुया मारल्यात. कोणी, ते विचारू नका. पूर्वेचा माणूस आहे."

दीडशे माणसं पूर्वेकडे पाहू लागली. पूर्वेला बसलेली माणसं जरा सरकून बसली.

"महाराज," मी म्हणालो, "ह्या सुया बायकांच्या केसांतल्या पिनांसारख्या दिसतात हो."

"आजकाल करणीला पिनाच वापरतात," महाराज म्हणाले. "सुया महाग झाल्या."

लोक खळखळून हसले. मीही हसलो, उत्तर चांगलं होतं. मग मी आणखी एक टोमणा मारला, त्यांनी आणखी एक परतवला. चांगला रंग भरला होता. हिरामण कपाळ धरून बसला होता.

"हौसा, डोका लय दुखतं गं," तो म्हणाला आणि तिथेच ओकला.

"विष पडलं," महाराज म्हणाले. त्यांनी हिरामणच्या डोक्यावरून हात फिरवला, बोटांच्या चिमटीत दोन पिना वर आल्या. हिरामणच्या डोक्यावर एका हातावर मोजता येतील इतके केस होते. त्यात दोन पिना सकाळपासून कशा दडून राहिल्या, हा प्रश्न कुणाला पडला नाही. दुसरी फिल्म गंगेत गेली. कवटी तीच, सुया गायब. जयजयकार झाला.

"झोप येते रं," हिरामण म्हणाला आणि सतरंजीवर आडवा झाला.

"झोपू द्या. गुण आला."

तेव्हा कुठे मला चिठ्ठी आठवली. डॉक्टर म्हणाला होता, बरं वाटण्यावर जाऊ नका. झोपेचंही काही म्हणाला होता का? आठवेना. मी बाहेर येऊन संघरत्नाला फोन लावला. ती त्या नव्या सीटी सेंटरची टेक्निशियन, दोन गल्ल्या पलीकडे राहणारी, दुपारच्या ड्युटीची तयारी करत होती. मी "शटल" आणि "झोपला" एवढेच दोन शब्द बोललो असेन. दहा मिनिटांत ती शेडमध्ये होती.

ती महाराजांकडे गेली नाही, फिल्मकडे गेली नाही. सरळ हिरामणजवळ बसली. "हिरामणदादा, डोळे उघडा. दादा!" त्याने हूं केलं. तिने पर्समधली बॅटरी काढून त्याच्या पापण्या वर केल्या. उजव्या डोळ्यातली बाहुली उजेडाने बारीक झाली. डावी चांगली मोठी होती, तशीच राहिली.

"ह्यांना उचला," ती म्हणाली. "आत्ता."

"फोटू साफ आला पोरी," काळूरामकाका म्हणाले. "सुया निघाल्या."

"काका, हा फोटो ह्यांचा नाही. आधी उचला, मग सांगते."

"आदी सांग!" मागून कुणीतरी ओरडलं. "हा, आदी सांग! महाराजांना खोटा बोलतेस?" आठदहा जण दारात उभे राहिले. काका सतरंजीचं टोक सोडायला तयार नव्हते. संघरत्नाने एकदा हिरामणकडे पाहिलं, एकदा दाराकडे.

"बरं. सांगते."

तिने पराती हुंगल्या. "ही तुमची गंगा म्हणजे डेव्हलपर, फिल्मवर चित्र उठवणारं. यमुना पाणी. सरस्वती हायपो, ते चित्र पक्कं करणारं. एक्सरेच्या प्रत्येक डार्करूममध्ये हीच तीन तीर्थं असतात, आणि असाच लाल दिवा." मग तिने महाराजांच्या दाढीकडे निरखून पाहिलं. "अनंता ना तू? कल्याणला मी शिकत होते तेव्हा तिथल्या डार्करूममध्ये पाणी बदलायचास."

"आम्हाला पूर्वाश्रमीचं काही स्मरत नाही," महाराज म्हणाले.

"काका, तुमचा किल्ल्यांचा जुडगा द्या."

काकांनी दिला. तिने महाराजांच्याच सामानातला फिल्मचा नवा डबा फोडून कोरी फिल्म काढली, वर जुडगा ठेवला, बॅटरी एक क्षण लावून विझवली, आणि फिल्म गंगेत सोडली. दीडशे माणसं परातीवर वाकली. फिल्म काळी पडत गेली आणि मधोमध पांढरा, स्वच्छ, दात्यांसकट काकांचा जुडगा उगवला.

"माज्या गोदामाची चावी!" काका म्हणाले.

"मंत्र म्हटला का मी? फिल्मवर उजेड पडला की तिथे ती काळी होते. ह्याने रद्दीतल्या जुन्या एक्सरेखाली नवी फिल्म ठेवून वरून असाच उजेड पाडला. म्हणून सगळं उलटं आलं. पांढरं हाड काळं झालं. पाप नाही ते, उलटी छाप आहे. तयार फिल्म पाकिटात घालून ठेवायची, तुमच्या डोक्यावर नुसती धरायची, तीर्थात सोडायची."

"आनि सुया?" हौसाने विचारलं.

"कुणा बाईचा एक्सरे आहे. केसातल्या पिना काढायच्या राहिल्या. असं झालं की आम्ही पिना काढायला लावून दुसरा काढतो आणि पहिला रद्दीत टाकतो. हिचा दुसराही पुढे रद्दीत आला असणार, म्हणून ह्याला दोन्ही मिळाले. एक आधीचा, एक नंतरचा."

एक म्हातारी हळूच म्हणाली, "म्हंजे माज्या म्हाताऱ्याच्या डोक्यातबी तीच बाई?"

सहा महिने टेमघरच्या सगळ्या पुरुषांच्या डोक्यात एकच बाई होती, हे त्या दिवशी सिद्ध झालं. हशा पिकला. मी टाळ्या वाजवल्या, खोटं कशाला बोलू? ढोंग असं चारचौघांत सोललं जाताना पाहायची मला फार आवड. महाराज मागच्या दाराने गेले तेव्हा दोघेचौघे त्यांच्या मागे धावलेसुद्धा.

"झालं ना सिद्ध?" संघरत्ना किंचाळली. "आता तरी उचला!"

आता मात्र सगळ्यांनी उचललं. दारात उभे राहिलेले आठदहा जण सगळ्यात पुढे होते. हिरामण हूंसुद्धा करत नव्हता.

ह्या सिद्ध करण्यात वीस मिनिटं गेली होती. त्याच्याआधी महाराजांचे दोन फोटो आणि माझे टोमणे, मिळून तासाच्या वर. टेमघरहून नाक्यापर्यंत कापडाच्या गाठींचे टेम्पो आडवे लागले होते. काळूरामकाका रिक्षातून उतरून हात जोडून एकेक टेम्पो बाजूला काढत होते, "भाई, बाजू हो! मेरा बच्चा है!" त्यात पस्तीस मिनिटं गेली. स्कॅनला बारा सेकंद लागले.

संघरत्नाने पडद्यावरचा काप हौसाला दाखवला. कवटीच्या आत डाव्या बाजूला, वालाच्या दाण्यासारखा पांढरा डाग, आणि त्याने दाबून पलीकडे ढकललेला मेंदू.

"वैनी, हे रक्त. शटल लागला तिथली शीर फुटली. ते हळूहळू भरतं, म्हणून आधी माणूस बरा असतो, बोलतो, चहा पितो."

"काडता येतं?"

"येतं. हाडाला भोक पाडून काढतात. ठाण्याला. मी फोन केलाय, डॉक्टर तयार आहेत."

"मंग चला ना."

अँब्युलन्स निघाली. कशेळीच्या पुलावर हिरामणचा श्वास थांबला. खाली खाडीला भरती होती. हौसा त्याचा हात चोळत राहिली, ठाण्याच्या दवाखान्याच्या पायरीपर्यंत.

आम्ही तक्रार दिली. पोलिसांनी पराती जप्त केल्या. अनंता सापडला नाही. कुणी म्हणतं वाड्याकडे आहे, कुणी म्हणतं आता त्याने कम्प्युटर घेतलाय. टेमघरची माणसं मला अजून भेटतात आणि सांगतात, "अण्णा, फोटू खोटा असंल, पन मानसाला धीर यायचा." काळूरामकाका माझ्या दारावरून जाताना मान वर करत नाहीत, आणि मीही हाक मारत नाही.

दहाव्याला हौसा माझ्यासमोर येऊन बसली. रडून झालं होतं तिचं.

"अण्णा, तुमाला तं ठावा होता, तो खोटा हाय. पैल्यापासना ठावा होता."

"होतं."

"मंग तुमी त्याच्याशी बोलत का बसलाव? आमाला वडून का न्हाय नेलात?"

तिला मी काय सांगणार होतो? की मला वाटलं, आधी ढोंग उघडं पडू दे, मग लोक आपोआप उठतील? लोक उठले, हे खरं आहे.

म्हणून वाचणाऱ्यांना एवढंच साधं सांगायचं आहे. डोक्याला मार लागलेला माणूस हसत असो, बोलत असो, चहा पीत असो, झोप येते म्हणत असो, त्याला आधी स्कॅनला न्या. घरातले वडीलधारे रागावले तर रागावू द्या. साध्या एक्सरेत काही दिसलं नाही म्हणजे काही झालं नाही, असं समजू नका. आणि वाटेत एखादा बुवा फोटो काढत बसलेला दिसला, त्याची लबाडी तुम्हाला स्वच्छ कळली, चार माणसांत त्याला गप्प करायची जीभ तुमच्याकडे असली, तरी तिथे थांबू नका. त्याचं खोटं आठ दिवसांनी उघड केलं तरी ते खोटंच राहील. रक्त तेवढं थांबत नाही.