मुरायला ठेवलेला रंग

“काका, हे बूट हिरवे आहेत.”

ग्रंथालयातल्या बाई हे इतक्या हळू म्हणाल्या, की मी आधी हसलोच. दिवसभर पुस्तकांच्या कपाटांत वावरून आवाज असा होत असेल, असं वाटलं. टेबलावर त्यांच्या वडिलांचे घोट्यापर्यंतचे बूट उभे होते. तीस वर्षांपूर्वीचं चामडं, पुढची टोकं खरवडलेली, टाचा एका बाजूने झिजलेल्या. चार दिवस मी त्या बुटांवर राबलो होतो. जुनं मेण स्पिरिटने उतरवलं, भेगा भरल्या, तेल पाजलं, रंगाचे तीन हात दिले, वर मेण, आणि मग मनगट दुखेपर्यंत ब्रश. तोंड दिसत होतं त्यात.

“हिरवे?” मी म्हणालो. “बाई, उन्हातून आलात. जरा बसा, पाणी प्या.”

“खरंच हो काका. शेवाळासारखे दिसताहेत.”

आता मात्र माझं डोकं फिरलं. शिलाईत मला कुणी नावं ठेवावीत, तळ घासून बसवण्यात ठेवावीत, ऐकून घेईन. पण रंगाच्या बाबतीत? लांबलांबच्या वस्त्यांतून लोक माझ्याकडे बूट घेऊन येतात ते रंगासाठीच. चामड्याचा मूळ रंग कुठे शोधायचा हे वडिलांनी मला शिकवलं होतं. नाडीखाली बुटाची जी जीभ असते, तिच्या मागच्या बाजूला ना ऊन पोचतं, ना धूळ. बूट नवा होता तेव्हाचा रंग तिथे शाबूत असतो. मी मोठ्या तोऱ्यात ती जीभ बाहेर ओढली.

“हा बघा मूळचा रंग. आणि हा मी दिलेला. दाखवा फरक.”

बाईंनी जिभेकडे पाहिलं, बुटाकडे पाहिलं, आणि मग माझ्याकडे पाहिलं. त्या चिडल्या असत्या तर बरं झालं असतं.

“काका, तुम्हाला हे दोन्ही सारखे दिसतात?”

“दिसतात म्हणजे काय? आहेतच सारखे.”

त्यांनी वाद घातला नाही. पर्स उचलली आणि म्हणाल्या, “रविवारी बाबांचे जुने सोबती जमणारेत. सगळे पुलांच्या कामावरचे. बाबा म्हणतात, जाईन तर याच बुटांत जाईन. चौऱ्याऐंशीचे आहेत हो, पुढच्या वेळी कोण असेल, कोण नसेल... काही करता आलं तर बघा ना.”

बूट तिथेच ठेवून त्या गेल्या. मी रागाने शेजारच्या शिंप्याला हाक मारली. वीस वर्षांचा शेजार. दिवसातून चारदा माझी टर उडवल्याशिवाय त्याला अन्न गोड लागत नाही, पण माणूस खोटं बोलत नाही.

तो गळ्यात टेप अडकवून आला, बुटांकडे पाहिलं आणि खो-खो हसत सुटला. “कुठल्या पलटणीची ऑर्डर आहे रे ही? झाडीत लपायला?”

माझ्या तोंडाकडे लक्ष गेलं तसं त्याचं हसू थांबलं. तो परत आपल्या दुकानात गेला आणि दोऱ्याच्या रिळांचा डबा घेऊन आला.

“या जिभेच्या रंगाचं रीळ काढ बरं.”

मी काढलं.

“अजून एखादं आहे का तसलं?”

मी आणखी दोन काढली. त्यात काय अवघड होतं? शिंप्याने तिन्ही रिळं उजेडात नेऊन खिडकीत उभी केली. बराच वेळ तो त्यांच्याकडेच बघत राहिला.

“दादा,” तो म्हणाला. एरवी तो मला अरेतुरे करतो. “हे तपकिरी. हे शेवाळी. आणि हे विटकरी.”

मला तीन रिळं दिसत होती. एक जरा गडद, एक जरा फिकं. बाकी काही नाही. मी डोळे चोळले, रिळं हातात घेतली, दारात जाऊन पाहिली. गिऱ्हाइकांसाठी ठेवलेल्या स्टुलावर मी मटकन बसलो.

“कधीपासून रे हे?”

“मला काय माहीत! आजवर कुणाची एक तक्रार नाही!”

ते खरंच होतं, आणि त्याचीच मला जास्त भीती वाटली. वडील गेल्यापासून बत्तीस वर्षं रंग मीच कालवत होतो. एवढे बूट माझ्या हातून गेले, ते काय आंधळ्याने रंगवले? की डोळ्यांना आत्ताच काही झालं? दुसरंच बरं, असं मी स्वतःला सांगत होतो. आजार असेल तर औषध तरी असेल.

आणि मग मला आतल्या खोलीची आठवण झाली.

आमच्या घराचं एक गुपित होतं. गुपित म्हणजे काय, मीच ते गल्लीभर सांगत असे. वडील गेल्यावर मी पहिल्यांदा रंग कालवला, तेव्हा आईने नियम घालून दिला. कालवलेल्या रंगाची वाटी झाकून आतल्या खोलीत ठेवायची, अर्धा तास रंग मुरू द्यायचा, आणि तोवर तिकडे फिरकायचंसुद्धा नाही. घाई केली की रंग फसतो. बाकीचे दुकानदार विचारायचे, तुमचा तपकिरी असा कसा उतरतो हो? मी मिशीतल्या मिशीत हसून म्हणायचो, मुरवावा लागतो.

या खेपेलाही मी रंग मुरवला होता. चामडं जुनं म्हणून अर्ध्याऐवजी चांगला तासभर. तांबडेपणा मारायला हिरव्याचे थेंब टाकले होते, नेहमीसारखेच, वडिलांनी शिकवलं होतं तसं नजरेनेच अंदाज घेत. सगळं नेहमीसारखं होतं. फक्त वाटी आत नेऊन ठेवणारं कुणी घरात नव्हतं, ती मीच ठेवली होती. बायको गुडघ्याच्या ऑपरेशनसाठी दवाखान्यात होती, आणि त्याला आज सहावा दिवस होता.

जाताना ती म्हणाली होती, “महिना-दीड महिना रंगाचं काम घेऊ नका. काळे बूट घ्या, शिलाई घ्या.” मी म्हणालो होतो, “का? तुझ्यावाचून दुकान बुडणार आहे?” त्यावर ती नुसती पिशवी भरत राहिली होती.

मी रिळं खिशात टाकली आणि दुकानाला कुलूप लावलं.

भेटायची वेळ चारची. बायको उशीवर पाय ठेवून पडली होती. मी पायाची चौकशीही केली नाही. तिन्ही रिळं चादरीवर ठेवली.

“हे तिन्ही रंग एकच आहेत का गं?”

तिने रिळांकडे पाहिलं आणि तिचा चेहरा पांढराफटक पडला. असलं कसलं कोडं घालताय, असं तिने विचारलं नाही. तिथेच मला सगळं कळलं.

“कुणी सांगितलं तुम्हाला?”

“म्हणजे तुला माहीत होतं.”

“हळू बोला ना.”

“किती वर्षं?”

“लग्नाला किती झाली?”

एकोणतीस. मी खुर्चीचा हात घट्ट धरून ठेवला.

तिने मग सांगितलं, थांबत थांबत, मधेच पाणी पीत. माझ्या आईचे वडील कापड रंगवायचे. त्यांनाही असंच होतं. आजी रंग बघून द्यायची म्हणून इतकी वर्षं निभलं. ती गेली, आणि एके दिवशी भरबाजारात एका व्यापाऱ्याने त्यांचं ठाण उलगडून दाखवलं. सगळा बाजार हसला. त्या दिवशी ते घरी आले, रंगाच्या कढया अंगणात उपड्या केल्या आणि खिडकीशी जाऊन बसले. अकरा वर्षं बसले. पुन्हा कशालाही हात लावला नाही, कुणाशी धड बोलले नाहीत. माझी आई तेव्हा नऊ वर्षांची होती. पुढे मी सात वर्षांचा असताना गवतात पडलेला लाल चेंडू मला समोर असून सापडेना, तेव्हाच ती काय ते समजली.

“लग्नानंतर आठव्या दिवशी सासूबाईंनी मला आत बोलावलं,” बायको म्हणाली. “वाटी दिली, चामड्याचा तुकडा दिला. म्हणाल्या, हिरवं फार झालं तर लाल टाकायचं, लाल फार झालं तर हिरवं. तुकड्यावर लावून बघायचं. आणि त्याला कळता कामा नये. कळलं तर माझ्या वडिलांसारखा बसेल, उठायचा नाही.”

“आणि तुम्ही दोघींनी मिळून मला बावळट बनवलं!” मी ओरडलो. शेजारच्या पलंगावरच्या बाईने मान वळवली. “गल्लीभर मिरवत होतो मी! मुरवावा लागतो म्हणे!”

“तुमचा हात कुठे मला येतो?” ती म्हणाली. “चामडं किती पितं, कुठे थांबायचं, मला अजूनही कळत नाही. मी फक्त थेंब टाकले.”

“थेंब!”

मी उठलो, दोन पावलं गेलो आणि परत आलो. एक गोष्ट मनात सलत होती, ती विचारल्याशिवाय पाय निघेना. तीन वर्षं तिचा गुडघा दुखत होता. आतल्या खोलीची पायरी चढताना ती चौकट धरायची, तोंडातून आवाज निघू नये म्हणून ओठ दाबायची. मी बाहेरून सांगायचो, हळू गं, रंग सांडेल. डॉक्टरांनी तारीख दिली की ती काहीतरी कारण काढून पुढे ढकलायची. शेवटी डॉक्टर चिडून म्हणाले होते, एवढं का थांबलात?

“मी काय सांगितलं होतं तेव्हा डॉक्टरांना?”

“भित्री आहे म्हणालात.”

“होतीस का भित्री?”

ती चादरीवरची रिळं एकेक करून गोळा करायला लागली. माझ्याकडे न बघता म्हणाली, “सहा आठवडे वाटी कुणी बघितली असती?”

मी बाहेर पडलो. मला लाज वाटत होती. डोळ्यांची नाही, त्या पायरीची. रस्त्याने माणसं येत-जात होती आणि मला त्यांच्या पायांकडे बघवत नव्हतं, एरवी मी दुसरं काही बघत नाही. दुकानात येऊन कुलूप काढलं, दार आतून लावून घेतलं आणि अंधार पडेपर्यंत हात मांडीवर ठेवून नुसता बसून राहिलो. आजोबांना अकरा वर्षं कसं बसवलं असेल, याचं सकाळी मला नवल वाटलं असतं. आता वाटत नव्हतं. बसून राहणं फार सोपं होतं.

बूट टेबलावर तसेच उभे होते. चामड्याला मात्र मी काही कमी केलं नव्हतं. भेगा कुठे होत्या हे मला बोट फिरवूनही सापडेना, आणि टाचा जमिनीला सरळ टेकल्या होत्या. हे तरी माझं होतं, आणि यात कुणी थेंब टाकले नव्हते. चौऱ्याऐंशी वर्षांचा एक माणूस रविवारी त्या बुटांची वाट बघत होता.

सकाळी मी ग्रंथालयात फोन केला.

“बाई, बूट हिरवेच आहेत. तुमचं बरोबर होतं.” इथवर ठीक गेलं. पुढचं सांगायच्या आधी मी फोन दुसऱ्या कानाला लावला. “मला रंग ओळखता येत नाहीत. कधीच येत नव्हते. रविवारच्या आत तयार करून देतो, पण रंग माझी बायको बघेल. चालेल का?”

“चालेल की काका,” त्या म्हणाल्या. “बाबांना सांगू का काही?”

“सांगा की,” मी म्हणालो.

मग मी वाटीत तपकिरी रंग ओतला, लालची बाटली घेतली, हिरव्याची घेतली, चामड्याचे चार तुकडे, बोळा आणि एक बूट, सगळं पिशवीत भरलं. वॉर्डाच्या दारातच नर्सने अडवलं. तिला खरं काय ते सांगितलं. तिने आधी नाक मुरडलं, मग खिडकी उघडली आणि म्हणाली, “पाच मिनिटं. आणि चादरीवर डाग पडला तर तुम्ही धुणार.”

बायकोने मला पाहिलं, मग माझ्या हातातली वाटी पाहिली. ती घाबरली. काही विचारायच्या आत तिने पलंगाभोवतीचा पडदा पकडला आणि पाय हलू न देता जमेल तेवढा भरभर ओढून घेतला. आम्ही दोघं आणि वाटी आत, बाकीचं जग बाहेर. तिचा हात पडद्यावर तसाच घट्ट होता.

मी तो हात हळूच सोडवला आणि पडदा पार भिंतीपर्यंत सरकवला.

“अहो, कशाला? सगळे बघताहेत.”

“बघू देत. अंधारात काय दिसणार तुला?”

तिच्या मांडीवर वर्तमानपत्र पसरून मी त्यावर बूट ठेवला, शेजारी चामड्याचा तुकडा. बोळा वाटीत बुडवून तुकड्यावर एक रेघ ओढली. शेजारच्या पलंगावरची बाई कोपरावर टेकून उठून बसली होती.

“काय चाललंय हो हे?” तिने विचारलं.

“मला रंग कळत नाहीत,” मी म्हणालो. “हिला कळतात. ही सांगते, मी लावतो.”

बायकोने डोळे मिटून घेतले. मला वाटलं, आता ही रडणार. पण तिने डोळे उघडले, बुटाची जीभ बाहेर ओढून मागची बाजू तुकड्याला लावून पाहिली, तुकडा खिडकीकडे धरला, पुन्हा जवळ आणला.

“लाल,” ती म्हणाली. “दोन थेंब.”

मी बाटली वाकडी केली आणि सगळ्यांना ऐकू जाईल असे मोजले. एक. दोन.

“अजून एक,” ती म्हणाली.