घाण्याची लाट, नाक्याचा खांब

मित्रांनो, परंड्याहून बार्शीकडं जाताना जुन्या नाक्यापाशी एक काळं, जाडजूड लाकूड उभं दिसतं ना, ती मी. माझा जन्म खांब होण्यासाठी झाला नव्हता. मी महालिंगप्पाच्या तेलघाण्याची लाट होते. उखळात उभी राहून गोल गोल फिरायचं नि करडई भरडायची, हे माझं काम.

मला सुताराने बाभळीच्या बुंध्यातून तासलं. महालिंगप्पाच्या आजोबांनी मला भस्म लावलं, हात जोडले आणि मगच बैल जुंपला. पुढं चाळीस वर्षं मी तेल प्याले. गावातली प्रत्येक पणती माझ्या तेलावर जळायची. महालिंगप्पाची बायको शांताक्का रोज पहिली धार महादेवाच्या दिव्यासाठी काढून ठेवायची. ते झाल्याशिवाय ती पाण्याचा घोट घेत नसे.

मग रॉकेल आलं. सुरुवातीला किती स्वस्त होतं म्हणून सांगू! कंदिलाचा उजेड पांढरा, काजळी कमी. बघता बघता घरोघर पणत्या उतरंडीमागं गेल्या. खायचं तेलसुद्धा बार्शीच्या इंजिनावरच्या गिरणीतून येऊ लागलं. शेजारचा बब्रुवान येता-जाता टोमणा मारायचा, "महालिंगप्पा, बैलाला चक्कर आली असंल बघा. सोडा त्याला, न्हायतर तुमालाच जुपंल."

एके दिवशी महालिंगप्पाने घाणा मोडला.

शांताक्का हळूच म्हणाली, "देवाच्या दिव्यापुरता तर राहू द्या."

"एका दिव्यासाठी बैल पोसू का? सगळं गाव खुळं न्हाय."

तेलाच्या घागरी, उखळ, बैल, सारं गेलं. तेल प्यालेल्या लाकडाला वाळवी लागत नाही, म्हणून मला निजाम सरकारच्या करोडगिरीच्या नाक्यावर नेलं. म्हणजे सरहद्दीवरचं जकात घेण्याचं ठाणं. तिथं मला पुरलं, आडवा बांबू बांधला आणि माझ्या डोक्यावर रॉकेलचा कंदील टांगला. ज्याने माझं पोट मारलं, त्यालाच डोक्यावर घेऊन मी उभी राहिले.

पुढं इंग्रजाची जर्मनीशी दुसरी मोठी लढाई सुरू झाली. रॉकेल मिळेना, मिळालं तर त्यावर जादा कर. लोक नाक्यावर यायचे, निजामालाही शिव्या द्यायचे आणि इंग्रजालाही, आणि कर भरून डबा घेऊन जायचे. दुसरं करणार काय? गावात घाणा तर कुणी ठेवलाच नव्हता. करडई शेतात होती, पण तेल काढायला हात नव्हते.

असाच एक सोमवार उजाडला. शांताक्काचं सोळा सोमवारांचं व्रत होतं आणि तो सोळावा. नाक्यापलीकडच्या खेड्यात एक घाणा अजून फिरत होता. पंधरा सोमवार तिने तिथल्याच बुधलीभर तेलावर दिवा लावला होता. या वेळी उद्यापनाला जास्त तेल हवं, म्हणून तिने डबा नेला. पितळेची भांडी महागाईत मोडीत गेली होती. घरात उरले होते ते रॉकेलचेच डबे. त्यातला एक तिने राखेने, शिकेकाईने तीनदा घासला होता.

परतताना मुनवर जमादाराने बांबू आडवा केला. "अक्का, काय हाय डब्यात?"

"करडीचं तेल हाय, भाऊ. महादेवाच्या दिव्याचं."

जमादाराने झाकण काढलं नि नाक मागं घेतलं. "घासलेट हाय की हे. कर पडंल."

"तुमच्या लेकराबाळांची आण, करडीचंच हाय."

त्याने बोट बुडवलं, चोळलं. बोट चिकट झालं. माणूस सरळ होता. त्याने बांबू वर केला. "खरं हाय. जा अक्का, देवाच्या दिव्यावर मी कर घेत न्हाय."

शांताक्का मात्र जागची हलली नाही. डबा नाकाशी धरून तिने पुन्हा पुन्हा श्वास घेतला.

"भाऊ, खरंच घासलेटाचा वास येतो का ह्याला? मला तर काहीच येत न्हाय."

मुनवर खाली बघू लागला. "लई येतो, अक्का."

दहा वर्षं घरात रॉकेल जळत होतं. कपड्याला, भाकरीला, केसांना तोच वास. तिचं नाक केव्हाच मेलं होतं. ती माझ्या अगदी शेजारी उभी होती, तरी तिने मला ओळखलं नाही.

"आता दुसरं तेल आणायला कुठं परत जाता? दिवस कलला," मुनवर म्हणाला. "घरच्या कंदिलात मिसळा, जळंल."

"तुमच्याच कंदिलात मिसळा," ती शांतपणे म्हणाली. डबा तिथंच ठेवून ती रिकाम्या हाताने चालू लागली. त्या दिवशी महादेवापुढं दिवा लागला नाही.

मित्रांनो, आता निजाम गेला, कर घेणारेही गेले. कुणाला दोष देऊ? स्वस्त उजेड दारात आला की घ्या, मी अडवत नाही. पण त्यापायी घरचा घाणा मोडू नका. कर उद्या कुणी माफही करेल. मोडलेला घाणा मात्र कुणाच्या हुकमाने फिरत नाही. एवढं ऐका आणि देवाच्या दिव्यापुरतं तरी एक भांडं घरात स्वच्छ ठेवा.