बाभळबनातली उपकरणे

महिपती भापकर भिगवण स्टेशनावर उतरला तेव्हा त्याच्याबरोबर एक वळकटी, एक थर्मामीटर आणि पुस्तकांनी भरलेली पत्र्याची ट्रंक होती. १९३५ सालचा चैत्र सरत आला होता. वनखात्याचा रखवालदार म्हस्कू बैलगाडी घेऊन आला होता. त्यानं ट्रंक उचलली आणि लगेच खाली टेकवली.

"सायेब, दगडं भरल्यात का काय ह्यात?"

"पुस्तकं आहेत."

"समदी जंगलाचीच?"

"हो, सगळी."

"मग जंगलात काय उरलं म्हनायचं?" म्हस्कू पुटपुटला आणि त्यानं ट्रंक गाडीत लोटली.

महिपती मूळचा लोणी भापकरचा. पुण्याला बी.एस्सी. झाला, मग दोन वर्षं डेहराडूनला जंगलाचं शास्त्र शिकला आणि आता इंदापूर तालुक्यात भीमेकाठी, डाळजच्या चारशे एकर बाभळबनावर रेंजर म्हणून आला. गडी हुशार आणि काटेकोर होता. सावली मोजायची झाली तरी तो दोनदा मोजायचा. ट्रंकेतल्या पुस्तकांत त्याचं लाडकं एकच होतं, हिरव्या बांधणीचं, फिनलंडच्या कुणा प्राध्यापकानं लिहिलेलं. उत्तरेकडची जंगलं पिढ्यान्‌पिढ्या कशी टिकवावीत, याचा त्यात सांगोपांग विचार होता. वर्षाला जेवढं वाढतं त्याहून जास्त तोडू नये. बियांसाठी चांगली झाडं राखावीत. कोवळी रोपं जनावरांपासून जपावीत. प्रत्येक प्रकरणाला कोष्टकं होती आणि ती महिपतीला जवळजवळ पाठ होती. प्रस्तावना मात्र त्यानं वाचली नव्हती. तिच्यात एकही कोष्टक नव्हतं.

डाळजला पारा एकशे सहावर होता. बाभळीच्या विरळ सावलीत बसून महिपती बर्फाच्या ओझ्यानं फांद्या मोडू नयेत म्हणून काय करावं ते वाचायचा. एकदा त्यानं ते म्हस्कूलाही समजावलं.

"बर्फ म्हंजी पुण्यात सरबतात घालत्यात त्यो?" म्हस्कूनं विचारलं.

"तोच. पण तिकडे तो आभाळातून पडतो."

"फुकाट?" म्हस्कूला उत्तरेबद्दल पहिल्यांदाच आदर वाटला.

डाळजच्या बनाचं दुखणं मात्र खरं होतं. नांगराला, गाडीच्या चाकाला, कोळशाला म्हणून जुन्या बाभळी वर्षानुवर्षं तुटत होत्या आणि त्यांच्या जागी नवीन फारशा दिसत नव्हत्या. किती तोडावं हे ठरवायचं तर आधी झाडाचं वय कळायला हवं. महिपतीनं एका ताज्या बुंध्यावर भिंग धरलं आणि वलयं मोजली. एकतीस भरली. पुन्हा मोजली तर चव्वेचाळीस, तिसऱ्यांदा सत्तावीस. उत्तरेत हिवाळ्यानं वर्षाची रेघ ओढून दिलेली असते. इथल्या बाभळीला वर्ष कधी संपलं हे कुणी सांगितलेलंच नव्हतं.

"अडतीस," मागून आवाज आला.

मागे बनाबाई धनगरीण उभी होती. काठीवर हनुवटी, खांद्यावर घोंगडी आणि भोवती मेंढरं.

"कशावरून?" महिपतीनं विचारलं.

"पलेगाच्या साली ही बोटाएवढी हुती. म्या हितंच खोपटात हुते, गाव सोडून आल्यालो आमी. तुमी त्या चकतीत काय बघताय रावसायब? तोंड दिसतंय का?"

म्हस्कू हसला आणि साहेबाकडे पाहून खोकला. महिपतीनं वहीत लिहिलं: अडतीस. मग कंसात लिहिलं: ऐकीव.

बनाबाईची साठ मेंढरं होती. वैशाखात माळावर गवताची काडी राहत नाही. तेव्हा या बनातल्या गळलेल्या शेंगांवर ती महिना-दीड महिना जगायची. शेंगा नसत्या तर मेंढरं नव्हती, आणि मेंढरं नसती तर बनाबाईच्या हातात काठी तेवढी उरली असती. पाऊस लागला, काळ्या रानात चिखल झाला, की मेंढरांचे खूर सडू नयेत म्हणून ती त्यांना मुरमाच्या माळावर न्यायची. तिच्या सासूनं असंच केलं होतं. तिच्या सासूच्या सासूनंही.

आणि महिपतीच्या पुस्तकातल्या सातव्या प्रकरणाचं नाव होतं, 'जंगलाचा शत्रू: चरणारे प्राणी'.

त्यानं नदीकडची दहा एकर जागा आखली, भोवती काटेरी फांद्यांची कुपाटी घातली आणि आत एकाही मेंढराला पाय टाकू द्यायचा नाही असा हुकूम काढला. सातव्या प्रकरणाची नक्कल जोडून तसं पुण्याच्या मोठ्या साहेबांना कळवलं. साहेबांचं उलट टपाली उत्तर आलं. प्रयोग स्तुत्य आहे. दसऱ्यानंतर आपण स्वतः पाहणीस येऊ. रोपे आलेली दिसल्यास येत्या उन्हाळ्यापासून चारशेच्या चारशे एकर दहा वर्षांसाठी मेंढ्यांना बंद.

म्हस्कूनं ही बातमी बनाबाईला सांगितली. ती तडक आली.

"तू लोणीचा का रं? भापकराचा?"

"हो."

"आरं, तुझ्या गावाच्या माळाला माझी मावशी मेंढरं बसवायची. तुमच्या शेतात खत टाकून ग्येलीत माझ्या माह्येरची मेंढरं. त्या शेतातली भाकर खाऊन तू शिकलास, आन् आता मेंढरू शत्रू?"

"मावशी, मेंढरं कोवळं रोप खातात. रोप वाढलं नाही तर वीस वर्षांनी इथं बनच राहणार नाही. मग तुमच्या नातवाची मेंढरं काय खातील?"

"आन् पुढल्या उन्हाळ्यात माझी काय खात्याल? तुझं बुक?"

याचं कोष्टक महिपतीकडे नव्हतं. मृगाचा शिडकावा झाला आणि त्यानं दोरी लावून चार हजार खड्डे घेतले. प्रत्येक खड्ड्यात वजन करून निवडलेल्या दोन-दोन बिया टाकल्या. गणपती बसले तेव्हा मोजदाद केली. सात रोपं उगवली होती. नीट पाहिल्यावर त्यातली दोन तरवडाची निघाली.

त्या दिवशी तो कुपाटीबाहेर कितीतरी वेळ नुसताच चालत होता. चालता चालता थांबला. बाहेर, जिथं उन्हाळ्यात बनाबाईचा मेंढवाडा बसला होता, तिथं जमीन दिसत नव्हती. वीत-वीत उंचीची बाभळीची रोपं गर्दी करून उभी होती. त्यानं दहा फूट बाय दहा फूट चौकोन आखला आणि मोजली. दोनशे तेरा. सवयीनं पुन्हा मोजली. दोनशे तेराच.

"हे कधीपासून आहे?" त्यानं म्हस्कूला विचारलं.

"व्हय, येत्यात की. जितं वाडा बसला तितं येत्यात दर साली."

"मग सांगितलं का नाहीस?"

"तुमी शत्रू म्हनला. मला वाटलं, तुमास्नी ठावं आसंल."

दोघं माळावर बनाबाईच्या खोपटाशी गेले. महिपतीनं चौकोनाची, दोनशे तेराची सगळी हकिगत सांगितली. बनाबाई चुलीपुढं बसून ऐकत होती. तिला नवल एवढंच वाटलं की हे सांगायला एवढा शिकलेला माणूस चालत आला.

"बाभळीचं बी म्हंजी गारगोटी. पान्यानं भिजतंय व्हय? मेंढराच्या पोटात शिजाय लागतं. रवंथ करताना थोडं तोंडातनं गळतं, थोडं लेंडीतनं पडतं. त्ये मग चार दिसांत फुटतं. लोणीत न्हाय का म्हायती हे?"

लोणीत माहीत होतं. लहानपणी घरच्या बांधावर, मेंढवाडा उठून गेल्यावर उगवलेली रोपं महिपतीनं स्वतः उपटली होती, काटे लागतील म्हणून. पण ते शाळेच्या आधीचं होतं. ज्ञानात धरायचं त्याला सुचलंच नव्हतं.

खोपटामागं, बनातून आणून पाचोळ्यानं झाकलेला, उन्हाळ्यातल्या लेंड्यांचा सुका ढीग होता. महिपतीनं त्यातून शंभर बिया वेचल्या, झाडावरच्या शंभर घेतल्या, दोन ओल्या गोणपाटांत निरनिराळ्या गुंडाळल्या आणि वाट पाहत बसला. तेवढ्या दिवसांत वाचायला दुसरं काही उरलं नव्हतं, म्हणून त्यानं हिरव्या पुस्तकाची प्रस्तावना वाचली. प्राध्यापकानं पहिल्याच परिच्छेदात लिहिलं होतं: यात जे आहे ते आमच्या जंगलात पाहिलेलं आहे. वाचकानं आधी आपलं जंगल पाहावं, आणि तिथं राहणाऱ्यांना विचारावं. हे पुस्तक त्यानंतर उघडावं.

पाचव्या दिवशी गोणपाटं उलगडली. झाडावरच्या शंभरांत तीन फुटल्या होत्या. मेंढरांच्या शंभरांत एकाहत्तर.

तो पुन्हा माळावर गेला.

"मावशी, तो ढीग मला हवा."

बनाबाईनं त्याच्याकडे निरखून पाहिलं. "म्हंजी माझ्याच मेंढरांच्या लेंडीनं तुझं रान उगवायचं, आन् त्ये उगवलं म्हनून माझीच मेंढरं हाकलायची. इच्चार चांगला हाय की रं!"

"मी अहवालात खरं तेच लिहीन. मेंढरांमुळं उगवलं असं. मग बंदी कशी घालतील?"

"लिवशील?"

"लिहीन."

"सरकार वाचंल?"

महिपती म्हणाला, "वाचेल." तो तेव्हा चोवीस वर्षांचा होता.

ढीग गाडीत भरला गेला. उत्तरा नक्षत्र चांगलं बरसलं आणि दसऱ्यापर्यंत दहा एकरांत बोटभर बाभळी डोलायला लागल्या. कबूल केल्याप्रमाणे मोठे साहेब आले. गोरे होते, पण मराठीची परीक्षा पहिल्या वर्गात उतरलेले.

"भापकर, आपण हे कुंपण उत्तम प्रकारे बांधविले आहे. पाहा, मेंढी आत न आल्याचा हा परिणाम."

"साहेब, परिणाम मेंढ्यांचाच आहे. बी त्यांच्या पोटातून गेलेलं आहे. बाहेर बिनकुंपणाची रोपं दाखवतो, चलावं."

साहेबांनी बाहेरची रोपं पाहिली, लेंडी छडीनं उलटून पाहिली आणि सौजन्यानं हसले. "आपला विनोद मला आवडला. तथापि मेंढी ही वनाची शत्रू होय. सातवे प्रकरण आपणच मला पाठविले होते."

महिपतीनं तरीही शब्द पाळला. बारा पानांचा अहवाल लिहिला, आणि त्यात मेंढ्या सत्तावीस वेळा आल्या. महिन्यानं तो मंजूर होऊन परत आला. सत्तावीसही ठिकाणी लाल शाईची रेघ होती. खाली हुकूम होता: फाल्गुनापासून चारशे एकर बंद. एकही मेंढी आत येता कामा नये. मात्र या वर्षीच्या पद्धतीनेच संस्कारित केलेले बी संपूर्ण क्षेत्राकरिता तयार करावे. त्यासाठी कोणती उपकरणे लागतील ती नगवार कळवावीत.

महिपतीनं हुकूम बनाबाईला वाचून दाखवला. तिनं दोन्ही कलमं पुन्हा वाचायला लावली.

"म्हंजी मेंढरं नगंत, पर त्यांचं काम पायजे?"

"तसंच दिसतंय."

"आमच्या घरात सुनंचं असंच असतंय बग," ती म्हणाली आणि उठून गेली. ती रागावली होती की नाही ते महिपतीला मोजता आलं नाही.

ती संध्याकाळ त्यानं एका ओळीवर घालवली. दोन कागद फाडले. तिसऱ्यावर सुवाच्य अक्षरात लिहिलं: 'बीजसंस्काराची चालती उपकरणे, स्थानिक बनावटीची, नग साठ. एक अनुभवी चालक. उपकरणे चैत्रापासून मृगापर्यंत क्षेत्रातच ठेवणे आवश्यक. कच्चा माल, म्हणजे शेंगा, तेथेच पडतो.' एकही अक्षर खोटं नव्हतं. खरं सत्तावीस वेळा लिहून पाहिलं होतंच.

आठ दिवसांत मंजुरी आली. साहेबांनी समासात स्वतःच्या हातानं शेरा मारला होता: उपकरणांची नीट निगा राखावी.

वैशाखात बनाबाई साठ मेंढरं घेऊन बनाच्या फाटकाशी आली. म्हस्कू कागद उलटा धरून उभा होता.

"थांब म्हातारे. मेंढरांना बंदी हाय."

"आन् हे काय हाय मग?"

"ही उपकरनं. आत जाऊन चरायचं न्हाय. निस्तं काम करायचं."

"सांग त्यास्नी," बनाबाई म्हणाली. "तुझं आयकत्याल. सरकारी हाईत आता."

म्हस्कूनं फाटक उघडलं. साठ उपकरणं धूळ उडवत आत घुसली आणि शेंगांवर तुटून पडली. महिपतीनं वही काढली आणि मोजली. दोनदा.

मृग लागायच्या आत त्यानं महिनाअखेरचा तक्ता पाठवला. त्यावर पुण्याहून, बहुधा कुण्या कारकुनाच्या हातचं, तातडीचं पत्र आलं: महिन्याच्या आरंभी उपकरणे साठ होती, अखेरीस त्रेसष्ट दाखविली आहेत. खरेदीची मंजुरी नसता तीन नग कसे वाढले, याचा खुलासा करावा.

महिपतीनं पत्र घेतलं आणि बनाबाईचा सल्ला घ्यायला बनात गेला. ती बाभळीखाली बसली होती. तिच्या मांडीवर खुलासा दूध पीत होता.