हळू ढकल

आमच्या नाटकात बाबा रोज संध्याकाळी मरायचे आणि मग चहा प्यायचे. चहात साखर कमी पडली तर चिडायचेही. खरे बाबा मागच्या वर्षी एकदाच गेले होते आणि त्यांनी त्याचा एवढा गाजावाजा केला नव्हता.

नाटक ताईने लिहिलं होतं. बाबांचं काम दिग्दर्शक स्वतः करायचा, कारण मरायचं काम तो दुसऱ्या कुणाला देत नसे. मी त्याचं नाव हुंदका ठेवलं होतं. तालमीत कुठेही गाडी अडली की तो टाळी वाजवायचा आणि म्हणायचा, "इथे एक हुंदका टाका." वरून मीठ टाकावं तसा. नाटकात एका ठिकाणी मुलगी नुसती पंखा बंद करून बाहेर जाते, तिथेही त्याने हुंदका टाकला होता. पंख्यासाठी कोण रडतं?

मी नेपथ्य करायचो. म्हणजे प्लायवूडच्या भिंती उभ्या करायच्या आणि त्या पडल्या की शिव्या खायच्या. इंजिनिअरिंग अर्ध्यात सोडल्यावर माणसाला दुसरं काय येणार?

घडलं होतं ते असं. बाबा बाथरूममध्ये पडले. कडी लावलेली नव्हती. ते कडी कधीच लावायचे नाहीत आणि आम्ही सगळे त्यावरून त्यांच्यावर ओरडायचो. पण दार आत उघडणारं होतं, आणि बाबा दाराला टेकून पडले होते. दार चार बोटं उघडलं आणि थांबलं. फटीतून त्यांची टाच दिसत होती. आत जायचं तर दार ढकलायला हवं, आणि दार ढकलायचं म्हणजे बाबांना ढकलायचं. ताई ढकलत होती. मी तिच्यामागे उभा राहून फोनवर अँब्युलन्सवाल्याला पत्ता सांगत होतो. आणि आई म्हणत होती, "हळू ढकल गं. लागेल त्यांना."

ताई हळू ढकलू लागली.

डॉक्टर नंतर म्हणाले की पडता पडताच सगळं संपलं होतं, हळू काय नि जोरात काय, फरक पडला नसता. आईने मान डोलावली आणि त्यातला एक शब्दही पदरात घेतला नाही. तेव्हापासून ती "हळू" हा शब्दच वापरत नाही. "टीव्ही हळू कर" म्हणायची वेळ आली तर उठून स्वतः बंद करते. ताईने त्या दिवसाचा विषय काढला की ती कपड्यांच्या घड्या घालायला घेते. कपडे धुतलेले नसले तरी.

म्हणून ताईने नाटक लिहिलं. आईला एका खुर्चीत, अंधारात, हाताशी एकही कपडा नसेल अशा जागी बसवून तिला सांगायचं होतं की बाई, तुझ्या त्या वाक्याने कुणी मेलं नाही. त्या दिवशी त्या घरात बोलली गेलेली तेवढी एकच गोष्ट बाबांसाठी होती. बाकी सगळं आम्ही दाराशी, फोनशी आणि नशिबाशी बोलत होतो.

आई पहिल्या प्रयोगाला येणार होती. पहिल्या रांगेत बसणार होती. आणि हुंदक्याने नेमकं तेच वाक्य कापलं.

"मेलेल्या माणसाला काय लागणार?" तो म्हणाला. "लोक हसतील. त्यापेक्षा आईने दारावर मुठी आपटायच्या आणि म्हणायचं, नाही! तुम्ही मला असं सोडून जाऊ शकत नाही!"

"आई असं बोलत नाही," ताई म्हणाली.

"तुझी आई बोलत नसेल. पण आई बोलते."

या वाक्यावर त्याला जागच्या जागी काहीतरी फेकून मारायला हवं होतं. माझ्या हातात हातोडी होती. पण हॉल त्याचा, नट त्याचे, लाइट त्याचे. मी हातोडी खिशात घातली. हातोडी खिशात राहत नाही, ती माझ्याच पायावर पडली.

मग त्याने दार बदललं. बाथरूमचं दार बाहेर उघडायला हवं, असं फर्मान निघालं. म्हणजे कडी तुटते, दार उघडतं आणि बाबा धाडकन रंगमंचावर, लेकीच्या मांडीत कोसळतात. त्यानंतर ते दीड पान बोलतात. मेल्यावर. मी संहितेत दोनदा तपासलं.

"सर," मी म्हणालो, "दार बाहेर उघडतं, तर ती ओढत का नाही?"

"कडी आहे."

"बाबा कडी लावत नव्हते."

"नाटकात लावतात."

"मग एक हिसका द्या, कडी तुटेल, विषय संपला. रडायचं कशाला? सुताराला फोन करा!"

"तू फार लॉजिक लावतोस."

"दाराला तेच लागतं, सर. बिजागरी भावनेवर लटकत नाही."

हुंदका माझ्याकडे पाहून हसला. वरच्या इयत्तेतला मुलगा हसतो तसा. "प्रेक्षक घरून लॉजिक घेऊन येत नाहीत, बाळा. रुमाल घेऊन येतात."

बाळा! मी त्याच दुपारी दार आत उघडणारं केलं. त्याने ते बाहेर उघडणारं करायला लावलं. मी परत फिरवलं, त्याने परत फिरवायला लावलं. शेवटी चौकटीतल्या स्क्रूच्या भोकांत काडेपेटीच्या काड्या कोंबून स्क्रू बसवायची वेळ आली. ताईचं काम करणारी मुलगी दिवसा दातांची डॉक्टर होती. ती एकदा गोंधळून दार बिजागरीच्या बाजूने उघडायला गेली आणि त्यातही हुंदक्याला "काय तडफड आहे!" असं वाटलं.

प्रयोगाच्या दिवशी दुपारी हुंदका व्हायोलिन घेऊन आला. म्हणजे व्हायोलिनचा आवाज, पेन ड्राइव्हमध्ये. तो वाजवून दाखवून तो जेवायला गेला. हॉलमध्ये आम्ही तिघंच उरलो: ताई, दातांची डॉक्टर आणि मी. मला वाटलं, आता ताई फुटेल. फुटली, पण माझ्यावर.

मी कागदावर आकृती काढून तिला समजावत होतो की दार आत उघडणारं असेल तर बाबांच्या वजनाचा जोर कुठे येतो, ताईचा जोर कुठे आणि दोन्ही कसे समोरासमोर येतात. तिने कागद ओढून घेतला आणि चुरगळला.

"तुला दार दिसतं," ती ओरडली. "त्याला रडणं दिसतं. आई दिसते का कुणाला? संध्याकाळी ती तिथे बसणार आहे! तिच्यासमोर तिचं काम करणारी बया मुठी आपटणार, तो माणूस मरून भाषण करणार, आणि ती घरी येऊन जन्मभर घड्या घालत बसणार. आणि तू मला बाण काढून दाखवतोस?"

बाण बरोबर होते, हे सांगायची ती वेळ नव्हती.

मग दातांच्या डॉक्टरने विचारलं, "तेव्हा तुझे हात कुठे होते?"

"काय?"

"ढकलताना. कुठे होते हात? मला आजवर कुणी सांगितलंच नाही. मला फक्त कुठे रडायचं ते सांगितलंय."

ताई उठली. दारापाशी गेली. दोन्ही तळवे दारावर टेकवले, छातीच्या उंचीवर नाही, खूप खाली, कमरेच्याही खाली. आधी खांदा लावला होता, म्हणाली. मग आई बोलली. मग खांदा काढला आणि खाली बसून हात लावले. "दारातून कळतं गं. पलीकडे कपाट आहे की माणूस, ते लाकडातून हाताला कळतं."

डॉक्टर तिच्या शेजारी जाऊन बसली आणि तिने तिथेच हात टेकवले. "आमच्याकडे तसंच असतं," ती म्हणाली. "ज्याच्यावर जोर लावायचा, त्यालाच दुखवायचं नाही. हात घाबरतो आणि जोर तर लावावाच लागतो."

"दात आणि बाबा यांत फरक आहे," मी म्हणालो.

"तू गप्प बस," दोघी एकदम म्हणाल्या. मग ताई माझ्याकडे न बघता म्हणाली, "दार फिरव."

आईचं काम करणाऱ्या पोस्टातल्या बाईंना आम्ही काही सांगितलं नाही. त्या मनाने चांगल्या, पण त्यांच्या पोटात काही राहत नाही. सांगितलं असतं तर पडदा उघडायच्या आत हुंदक्याला कळलं असतं. त्यामुळे ताईचं वाक्य परत घालता आलं नाही. फक्त दार परत आलं.

तो प्रवेश सुरू झाला तेव्हा मी प्लायवूडच्या भिंतीमागे होतो. तिथून मला फटीतून रंगमंच आणि पहिली रांग दिसत होती, आणि समोर दाराला पाठ टेकून बसलेला हुंदका. तो अंधारात मागून येऊन नेहमीसारखा बसला होता, बाहेर कोसळायच्या तयारीत. कडी लागलेली नाही हे त्याला ठाऊक नव्हतं. व्हायोलिनची वायर निघालेली होती. ती कशी निघाली ते मला कुणी विचारलं नाही आणि मी सांगणार नाही.

डॉक्टर आली. रडली नाही. दाराला खांदा लावला. दार चार बोटं आत गेलं आणि हुंदक्याच्या पाठीत बसलं.

"ओढ!" हुंदका दबक्या आवाजात म्हणाला. "अगं, ओढ! ओढ!"

तिने पुन्हा ढकललं. हुंदका भडकला. रागाने त्याने समोरच्या खोट्या बेसिनला पाय लावले आणि पाठीने दार उलट लोटायला लागला. माझ्या आयुष्यात मी बरंच काही पाहिलंय, पण आपल्या मृत्यूच्या प्रवेशात पाय लावून दार अडवणारा मृत माणूस पहिल्यांदाच पाहिला. एक तंगडी घसरून अंगाखाली दुमडली आणि त्याची टाच फटीत आली.

पोस्टातल्या बाईंनी मुठी वर केल्या. "नाही! तुम्ही मला असं सोडून..." आणि त्यांना टाच दिसली. मुठी तशाच हवेत राहिल्या. वाक्य तिथेच राहिलं. उघड्या दारावर मुठी कशाला आपटायच्या, हे बहुतेक त्यांनाही कळेना.

मागच्या रांगेतून कुणीतरी खुदकन हसलं. हुंदक्याचं म्हणणं खरं होतंय, लोक हसतायत, असं माझ्या मनात आलं, आणि मला स्वतःला लाथ मारावीशी वाटली.

तेवढ्यात पहिल्या रांगेतून आवाज आला. मोठा नाही, स्वयंपाकघरातून हाक मारतात तेवढा.

"हळू ढकल गं. लागेल त्यांना."

डॉक्टरने खांदा काढला. खाली बसली. तळवे टेकवले, ताईने दाखवले होते तिथेच. आणि थांबली. हसणारा माणूस परत हसला नाही. मग तिने ढकलायला सुरुवात केली, आणि आत मी पाहिलं, हुंदक्याचा बेसिनला लावलेला दुसरा पाय सैल पडला. दार सरकायला लागलं. त्याच्यासकट.

बाबांचं दीड पानाचं भाषण झालं नाही. पडदा मीच पाडला.

मेकअपच्या खोलीत ताई आणि दातांची डॉक्टर होत्या, आणि हुंदका पाठ चोळत उभा होता. मला पाहताच अंगावर आला. "तू! उद्यापासून तुझं तोंड दिसायला नको! भर प्रयोगात..." आणि मधेच थांबला. खुर्चीत बसला. "ती थांबली ना," तो कुरकुरत म्हणाला, "हात लावून नुसती थांबली. ते मला आत कळलं रे. पाठीला." मग त्याला राहवेना. "पण तिथे एक छोटासा..."

दार उघडून आई आत आली. सरळ ताईसमोर जाऊन उभी राहिली.

शेजारच्या खुर्चीवर नटांच्या कपड्यांचा ढीग पडला होता. आईने ढिगाकडे पाहिलं. तिने हात लावला नाही.

"हे असं चारचौघांत मांडायचं असतं?"

"घरात मांडू देतेस?" ताईही चढ्या आवाजात म्हणाली. "वर्षभर! वर्षभर तू मला एक वाक्य पूर्ण करू दिलं नाहीस!"

"काय करायचंय ते वाक्य? मी हळू म्हटलं, तू हळू ढकललंस, वेळ गेला."

"तू म्हटलं नसतंस तर मी धडक मारली असती, आई! खांदा लावलाच होता मी. त्यांना माझा शेवटचा हात लागला तो धडकेचा असता. तो घेऊन मी कुठे गेले असते? तुला कळत कसं नाही? तू मला वाचवलंस, आणि वर मलाच बोलू देत नाहीस!"

एवढ्या रागाने कुणी कुणाचे आभार मानलेले मी ऐकले नव्हते. आईने ताईचा हात घेतला, उलटा केला, तळव्याकडे पाहिलं आणि सोडून दिला. मग कुठेतरी राग काढायचा म्हणून ती माझ्याकडे वळली.

"आणि तू. दार करकरत होतं."

"आं?"

"आपलं करकरत नव्हतं. आदल्याच रविवारी तेल घातलं होतं त्यांनी. स्टुलावर चढून. मी स्टूल धरलं होतं."

"आई, नाटकात थोडंफार..."

"नाटकात म्हणून काय? दाखवायचं तर धड दाखवा. उद्या तेल घाल. मी येणार आहे बघायला."

"काकू," हुंदका उठला, "मग उद्या त्या जागी आपण एक अगदी बारीकसा..."

"तुम्ही गप्प पडून राहा," आई म्हणाली. "मेलेला माणूस पाय लावत नसतो."

हुंदका बसला. ताईच्या नाकातून हसू की काय ते फसकन बाहेर पडलं आणि ती तोंड फिरवून उभी राहिली. मी सामानाच्या पेटीतून तेलाची बाटली काढली. झाकण घट्ट बसलं होतं, ते मी दाताने ओढायला लागलो, तर दातांची डॉक्टर किंचाळली.

आई दारात थांबली. वळून माझ्या हातातल्या बाटलीकडे पाहिलं आणि वैतागून म्हणाली,

"हळू ओत. सांडतोस नेहमी."