सरांचा उतारा

बारामतीत विजयसिंह सरांची भरतीची अकॅडमी हाय, आन तिच्याम्होरं माझं टायपिंग-झेरॉक्सचं दुकान. सरांची पत्रकं मीच छापतो, पेपरबी मीच.

माझी भाची उत्कर्षा, लासुर्ण्याची. तलाठी व्हायचं म्हणून सरांकडंच शिकायची. एका चाचणीत उताऱ्याच्या प्रश्नात सारख्या दिसणाऱ्या दोन पर्यायांतला चुकीचा धरला तिनं. सरांनी उभी केली. "उताऱ्यात लिहिलंय तेवढंच खरं. मनचं घालायचं न्हाय. एवढं कळत नसंल तर खुरपं घे हातात."

ऐंशी पोरं हसली. पोरीनं पुस्तकं पोत्यात भरली आन माझ्या दुकानात आणून टाकली. "मामा, रद्दीत घाला. मला न्हाय जमायचं."

पोतं मी टेबलाखाली सरकवलं. म्हणलं, सरांचं खुरपं आधी सरांच्या हातात देतो, मग रद्दीचं बघू.

पालक मेळाव्यात सर दरसाल एक नमुना पेपर फळ्यावर सोडवून दाखवत्यात. "उतारा कुठलाबी टाक, हिंदुराव," हे त्यांचं ठरलेलं. टाकला मग. सरांचंच पत्रक घेतलं, नाव काढून 'एक नामांकित संस्था' केलं. बाकी एका शब्दाला हात लावला न्हाय.

पेपर वाटायला म्हणून उत्कर्षाला वढून नेली. तिला काय सांगितलं न्हवतं. सरांनी उतारा झोकात वाचला. 'गतवर्षी भरती झालेल्या चाळीस गुणवंतांचा संस्थेत भव्य सत्कार झाला.' खाली प्रश्न, 'यावरून काय समजते?' पहिला पर्याय, 'संस्थेत शिकून चाळीस जण भरती झाले.' दुसरा, 'भरती झालेल्या चाळीस जणांचा संस्थेत सत्कार झाला.'

"सोपंय," म्हणत सरांनी पहिल्याला गोल केला.

मागनं उत्कर्षाचा हात वर. "सर, दुसरा. ते तितं शिकले असं उताऱ्यात कुठंच न्हाय. मनचं घालायचं न्हाय, तुमीच सांगितलंय."

सर हसले. "अगं, न शिकवता कोण कुणाचा सत्कार करंल?"

पळसदेवचे मोहनराव पोरीचं नाव घालायला आल्याले. मी गपचूप त्यांच्या मांडीवर सरांचं पत्रक ठेवलं. त्यांनी चष्मा लावला. एकदा पत्रक, एकदा फळा, परत पत्रक.

"सर, ह्यो उतारा तर तुमचाच हाय की. मग हे चाळीस हितं शिकल्यात, का नुसते हार घालून घ्यायला आल्ते?"

पालकांत कुजबूज सुरू झाली. सरांनी खडू खाली ठेवला आन पाणी मागितलं. मीच नेऊन दिलं. गार.

आठ दिवसांनी सर दुकानात. आवाज लई खाली. "नवं पत्रक करायचंय, हिंदुराव."

"करू की. चाळीस शिकले म्हणून टाकू, का चाळिसांचा सत्कार केला म्हणून?"



"दुसरा, मामा," पोत्यातनं काढल्यालं पुस्तक वाचत बसलेली उत्कर्षा मान वर न करता म्हणली.